अर्ध्यावर अडकलेली पलटण

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा निपाणीचा, सध्या बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपला कामाला. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. गडहिंग्लजच्या मित्राबरोबर त्यानं असईची लढाई टेबलावर, रंगवलेल्या छोट्या शिपायांच्या बाहुल्यांनी खेळायचा घाट घातलाय. मित्राकडं शिंद्यांची फौज, याच्याकडं इंग्रजांची. 28 मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे 72 पायदळ शिपाई आणि 12 घोडेस्वार आणले. पहिले 9 सुटे सुटे रंगवले, झकास झाले. मग वेळ वाचावा म्हणून 24 एकदम मांडले, सगळ्यांच्या कोटांना लाल मारला, विजारी करड्या केल्या आणि तिथंच सगळं ठप्प. "काका, रंग आहेत, ब्रश आहेत, सुट्टीला वेळही असतो. पण टेबलाशी बसलो की दहा मिनिटांत मोबाईल हातात. उत्साह टिकवायचा कसा? की सरळ कुणाला तरी पैसे देऊन रंगवून घेऊ?"

तुझा उत्साह संपलेला नाही. संपला असता तर एवढं लांबलचक विचारत बसला नसतास, डबे माळ्यावर टाकून मोकळा झाला असतास. तू अडकलायस मधल्या टप्प्यात, आणि या छंदात जे अडकतात ते बहुतेक सगळे तिथंच अडकतात.

मधला टप्पा म्हणजे काय ते सांगतो. नुसता प्रायमर, म्हणजे रंग धरायला द्यायचा पहिला हात, मारलेला शिपाई बघायला घडीव दिसतो. पूर्ण झालेला तर चांगला दिसतोच. पण मूळ रंग भरायला घेतल्यापासून वॉश, म्हणजे घड्यांत उतरणारा पातळ गडद रंग, पडेपर्यंत तो आधीपेक्षा वाईट दिसत जातो. कोट सपाट लाल, विजारीचा करडा कोटावर सांडलेला, चेहरा म्हणजे एक गुलाबी ठिपका, पट्टे अजून लालच. असा एकच शिपाई समोर असला तर तासाभरात माणूस त्यातून पार होतो. तू 24 मांडलेस. बसलास की 24 बिघडलेले शिपाई तुझ्याकडं बघतात. तासभर मान मोडून उठलास तरी ते बिघडलेलेच दिसतात, कारण तासाभरात फक्त 24 बंदुकांचे दस्ते तपकिरी झालेले असतात. कष्ट झाले, फरक दिसला नाही. असं चार वेळा झालं की पाचव्या वेळी हात मोबाईलकडं जाणारच. यात आळस कुठं आला?

तेव्हा उत्साहाच्या मागं लागू नको. मधला टप्पा छोटा कर. बाकी जे काही सांगणार आहे ते सगळं त्यासाठीच.

आज रात्रीच हे कर. त्या 24 मधले 6 उचल, बाकीचे 18 झाकणाच्या डब्यात घालून माळ्यावर ठेव. ज्यांना अजून प्रायमरही लागलेला नाही ते 39 आणि घोडे तर नजरेलाच पडू देऊ नको. टेबलावर सहाच शिपाई, आणि रंगवून झालेले 9 समोरच्या फळीवर, तोंड तुझ्याकडं करून. आमच्या मंडळींत पुष्कळ जण न रंगवलेल्या पेट्यांचा ढीग मुद्दाम डोळ्यांसमोर ठेवतात, लाज वाटून काम होईल म्हणून. लाजेनं काम झालेलं मी तरी अजून बघितलेलं नाही. लाजेनं फार तर नवी खरेदी होते.

सहाच का? शहापुरात माझ्या मामांचा गणपतीचा कारखाना होता. शाळेत असताना श्रावण लागला की आम्ही भाचरं तिथंच पडीक. मूर्ती शेकड्यांनी, पण एकेक मूर्ती धरून कुणी पहिल्यापासून शेवटपर्यंत रंगवत नसे आणि सगळ्या मूर्तींना एकदमही कुणी हात लावत नसे. मामा एक ओळ पुढं ओढायचे. त्या ओळीला पांढरा हात, मग अंगाचा रंग, मग पितांबर, शेला, मग सोनेरी. ती ओळ आखणीपर्यंत आली की मामा स्वतः बसायचे, डोळे करायचे आणि ओळ समोरच्या भिंतीला जायची. मग पुढची ओळ. इकडची भिंत पांढरी, तिकडची भरत चाललेली. गिऱ्हाईक आलं की तिकडच्या भिंतीकडं बघायचं, आणि खरं सांगायचं तर आम्हीही तिकडंच बघत काम करायचो. चतुर्थी कुणासाठी थांबत नाही, तेव्हा सगळं अर्धवट ठेवण्यापेक्षा थोडं पूर्ण ठेवण्यात शहाणपण होतं. ओळ केवढी ओढायची हे मामा हातांवर ठरवायचे. दोन दिवसांत जी ओळ भिंतीला लागणार नाही ती मोठी झाली.

28 मिलिमीटरच्या पायदळाला हा हिशोब पाच-सहावर येतो. पहिल्या शिपायाला लाल मारून सहाव्यापर्यंत पोचतोस तोवर पहिला वाळलेला असतो, म्हणजे हात रिकामा राहत नाही आणि एका बैठकीत दोन-तीन रंग उरकतात. दहाच्या वर गेलास की एका बैठकीत एकच रंग होतो, आणि एका रंगानं फरक दिसत नाही. 6 किंवा 15 मिलिमीटरची चिमुकली फौज असती तर वीस-पंचवीसचा लॉटही चालला असता, कारण तिथं एका शिपायाला चार ठिपके पुरतात.

आता त्या सहांकडं बघ. लाल आणि करडा झालाय. तुला वाटत असेल की आधी पट्टे, बटणं, कॉलर, सगळं नीट करून मग वॉश द्यावा. नको. चेहरा आणि हात, बंदुकीचा दस्ता, टोपी आणि बूट एवढे चार रंग भर, तेही थोडे बाहेर गेले तरी चालतील, आणि वॉश दे. लाल कोटावर तपकिरी वॉश दे, काळा नको; काळ्यानं लाल मळकट होतो. सहा शिपायांना वॉश द्यायला दहा मिनिटं लागतात आणि त्या दहा मिनिटांत जेवढा फरक पडतो तेवढा आधीच्या तीन बैठकांत पडलेला नसतो. घड्यांत सावली उतरते, बोटं वेगळी दिसतात, चेहऱ्याला नाक येतं. वॉश देऊन झोपायला जा. पावसाळ्यात रात्रभर वाळू दे, हात लावून बघू नको. सकाळी शिफ्टला निघताना एक नजर टाकलीस की संध्याकाळी आपोआप टेबलाशी येशील.

पांढरे पट्टे वॉशनंतर. इंग्रजी पायदळात जीव जातो तो इथंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. छातीवर दोन पट्टे एकमेकांना छेद देऊन जातात, एक काडतुसांच्या पेटीचा, एक संगिनीचा. लालवर सरळ पांढरा मारलास तर तो झाकत नाही, गुलाबी दिसतो. मग दुसरा हात, तिसरा हात, रंग जाड होतो, कडा वाकड्या होतात आणि चिडचिड सुरू. त्यापेक्षा पांढऱ्यात किंचित तपकिरी-करडा मिसळून मळका रंग कर आणि पट्टा पूर्ण रुंदीचा त्यानं भरून घे. हा रंग लालला झाकतो. वाळला की त्यावर शुद्ध पांढरा, पण आधीपेक्षा अरुंद, दोन्ही कडांना मळका रंग दोऱ्याएवढा दिसत राहील असा. तीच सावली. शिपाई औषधाच्या बाटलीच्या झाकणावर डबल टेपनं चिकटवलेला असू दे. ब्रश आपल्याकडं ओढायचा आणि तिरकं जायचं तिथं मनगट न वळवता झाकण फिरवायचं. दोन्ही हातांच्या करंगळ्या एकमेकींना टेकलेल्या असल्या की थरथर निम्मी होते. पांढरा बाहेर गेलाच तर लालनं दुरुस्त करत बसू नको, कारण वॉशखालचा लाल आणि बाटलीतला लाल कधी जुळत नाही. पातळ गडद तपकिरीची एक रेघ पट्ट्याच्या कडेनं ओढ, चूकही झाकते आणि पट्टा उठूनही दिसतो.

कॉलर आणि कफ शेवटी. 74 वी हायलंडर पलटण करणार असशील तर पांढरे, 78 वी असेल तर बफ, म्हणजे फिकट पिवळसर. असईला दोन्ही होत्या. डोळे करू नको. गणपतीची आखणी वेगळी, ते दैवत आहे आणि त्याला आपण हातभरावरून बघतो. ज्वारीच्या दाण्याएवढ्या डोक्यावर डोळे केलेस तर सहांतले चार भूत बघितल्यासारखे दिसतात आणि ते सुधारण्यात संध्याकाळ जाते. वॉशची सावली डोळ्यांच्या खाचेत बसलेली असते, तेवढं पुरे. अधिकाऱ्याला हवेत तर कर.

आणि बेस, म्हणजे शिपायाच्या पायाखालची चकती, त्याच दिवशी. हे मी पोरांना सांगून दमलो. शिपाई झाला, बेस नंतर सगळ्यांचे एकदम करू म्हणतात, आणि मग फळीवर काळ्या चकतीवर उभी असलेली फौज अर्धवट वाटत राहते. बेस हा शिपायाचाच भाग. असई आजच्या जालना जिल्ह्यात आहे, काळ्या मातीचा मुलूख. आपल्या जिल्ह्यात तुला दोन्ही माती मिळतात. खानापूरकडं गेलास की लाल, बैलहोंगल-सौंदत्तीकडं गेलास की काळी. असईसाठी बैलहोंगलची मूठभर आण. जुन्या तव्यावर भाजून घे, नाहीतर पावसाळ्यात बेसला बुरशी धरते. तवा खरंच जुना असू दे, घरच्या तव्यावर भाजलीस तर पुढचं उत्तर मी देणार नाही. चहाच्या गाळणीनं गाळ, पातळ फेविकॉल लावून त्यात शिपाई टेकव. काळी माती फेविकॉलमध्ये वाळली की पांढुरकी पडते, तिला पातळ काळपट तपकिरी पाज आणि वरून फिकट रंगाचा ड्रायब्रश मार, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरव. मग व्हार्निश. सहा शिपाई फळीवर, नवांचे पंधरा झाले. माळ्यावरून पुढचे सहा काढ.

जे 39 अजून कोरे आहेत त्यांना याच रस्त्यानं नेऊ नको. त्यांच्यासाठी वेगळी वाट धर, तिच्यात मधला टप्पा जवळजवळ नाहीच. काळा प्रायमर, त्यावर जाड ब्रशनं करड्याचा सढळ ड्रायब्रश, मग फक्त वरच्या उंचवट्यांवर पांढऱ्याचा हलका. इथंच शिपाई दगडात कोरल्यासारखा दिसायला लागतो. मग त्यावर पारदर्शक रंग. गेम्स वर्कशॉपनं 2019 साली कॉन्ट्रास्ट नावानं असे रंग आणले, नंतर बाकीच्या कंपन्यांनीही काढले. एका हातात रंग, सावली आणि उजेड तिन्ही येतात, कारण खालचा काळा-पांढरा आरपार दिसतो. बाटली महाग पडते, पण तुला तीनच लागतात: लाल, चेहऱ्या-हातांसाठी कातडीचा तपकिरी आणि लाकडाचा तपकिरी. विजार ड्रायब्रशनं पांढुरकी झालेलीच असते, टोपी आणि बूट साध्या काळ्यानं परत भरायचे. म्हणजे उरले पट्टे. जुन्या लालाशी हा लाल थोडा जुळणार नाही. पहिले नऊ पुढच्या रांगेत उभे कर, मागची रांग कोण निरखतंय?

पण यातसुद्धा एक शिपाई आधी पूर्ण कर. मशीन शॉपला असतोस, फर्स्ट पीस पास झाल्याशिवाय लॉट लावत नाहीत हे तुला मी काय सांगू. तो एक झाला की कोणत्या बाटलीतला रंग, किती पाणी, कशावर काय, हे वहीत लिहून ठेव. दोन महिन्यांनी डबा उघडशील तेव्हा कोणता तपकिरी वापरला होता हे आठवत नाही, आणि त्या शोधाशोधीतच माणूस उठून जातो.

प्रायमरचं एक. आपल्याकडं जून ते सप्टेंबर स्प्रे मारू नये हे बरं. हवेत ओल असली की स्प्रेचा प्रायमर पिठूळ, खरखरीत बसतो, आणि त्यावर कितीही चांगला हात चालवलास तरी शिपाई देवी आल्यासारखा दिसतो. खानापूरच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर विचारूच नये. पावसाळ्यात ब्रशनं लावायचा ॲक्रिलिक प्रायमर वापर, सहा-सहाला तो त्रासाचा नाही. आणि दरवर्षी मे महिन्यात, मृगाच्या आधी, गच्चीवर एका सकाळी जेवढे आहेत तेवढे सगळे स्प्रे करून डब्यात भरून ठेव. तोच एक दिवस असा की सगळी फौज एकदम बाहेर काढायला माझी हरकत नाही.

शिफ्टचं तू लिहिलंयस ते महत्त्वाचं आहे. दहा तास मशीनवर उभं राहून आलेल्या माणसानं पांढरे पट्टे करायला बसू नये. हात थकलेला असतो, काम बिघडतं, आणि आपल्याला वाटतं की छंदातलं मन उडालं. या कामात थकलेल्या हाताची कामं पुष्कळ आहेत: मोल्ड लाइन, म्हणजे साच्याच्या जोडाची रेघ, खरवडणं, हात-डोकी चिकटवणं, माती लावणं, ड्रायब्रश, व्हार्निश. त्यांना डोळाही फार लागत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात फक्त ही करायची. पट्टे, कॉलर, चेहरे पहिल्या पाळीच्या आठवड्यात किंवा रविवारी सकाळी चहा झाल्यावर. एवढी वाटणी केलीस तरी निम्मं दुखणं जाईल.

खोलीवर राहतोस म्हणजे टेबल कायमचं मांडून ठेवता येत असेलच असं नाही. मग एक प्लायचा तुकडा घे, तिन्ही बाजूंनी पट्टी ठोक, सगळा संसार त्यावर. उठताना तसाच कॉटखाली सरकवायचा. मांडायला पंधरा मिनिटं लागणार असतील तर अर्ध्या तासासाठी कुणी बसत नाही. रंगासाठी ओली पॅलेट घरीच होते: झाकणाचा चपटा प्लॅस्टिक डबा, तळाला ओला स्पंज किंवा टिश्यू, वर बेकरीतला बटर पेपर, मेणाचा कागद नको, त्यातून पाणी झिरपत नाही. कालवलेला रंग दुसऱ्या दिवशीही चालतो. पाणी मात्र दोन-तीन दिवसांनी बदल, पावसात त्याला वास येतो. आणि उठण्यापूर्वी उद्या पहिला कोणता रंग लावायचा ते ठरवून ती बाटली आणि तो ब्रश पुढं काढून ठेव. दमून आलेल्या माणसाला रंग लावायला त्रास नसतो, काय लावायचं ते ठरवायला असतो.

मोबाईलबद्दल बोलायचं तर त्याच्यावर तू जे बघतोस त्यानंच तुझं जास्त नुकसान केलंय. स्पर्धेत रंगवलेल्या शिपायाचा फोटो पडदाभर येतो, म्हणजे मूळ बाहुलीच्या चार-पाच पट मोठा. तुझा शिपाई तू त्या फोटोशी ताडून बघतोस, तोही भिंग लावून. खेळताना टेबलावरचा शिपाई दोन-तीन फुटांवरून दिसतो. दिवाळीत आपल्या गल्लीत किल्ला बघायला जातोस ना? मातीच्या मावळ्याला रंग किती असतात? अंगरखा, पगडी, चेहरा, आणि कमरेला एक रेघ. उभ्यानं बघितलास तर मावळा एकदम मावळा दिसतो, कारण पगडी आणि चेहरा लांबून उठतात. तुझ्या पलटणीचंही तसंच. लांबून दिसतात ते लाल कोट, पांढरे पट्टे आणि बेस. बटणं दिसत नाहीत. ज्या दिवशी बारीक कामाची हौस येईल त्या दिवशी एक अधिकारी घे आणि त्याच्यावर हवी तेवढी रात्र जाळ. दोन लॉटच्या मधे तोंडी लावायला एखादी वेगळी बाहुली असावीच: घोड्यावरचा अधिकारी, भिस्ती, बैलगाडी. सलग लाल कोट मीही करत नाही.

आता मित्राचं. तुम्ही दोघं असईच्या तारखेची वाट बघताय, आणि असई म्हणजे तुम्हा दोघांची सगळी फौज रंगलेली. 23 सप्टेंबर 1803 ची ती लढाई मोठी, आणि तोवर टेबलावर काहीच यायचं नाही हाच घोळ आहे. मधे छोटा खेळ घाला. आपल्याच जिल्ह्यात सौंदत्ती तालुक्यात मलप्रभेच्या काठी मुनवळ्ळी आहे, इंग्रजी कागदांत तिला मनोळी म्हटलंय. 30 जुलै 1800 ला इंग्रजांशी लढणाऱ्या धोंडिया वाघाच्या तळावर इंग्रज सेनापती वेलस्लीनं तिथंच घोडदळ घातलं होतं, आणि पुढं असईला जाणारा वेलस्ली तो हाच. एक नदीकाठ, थोडे तंबू, पंधरा-वीस स्वार, काठावरचं थोडं पायदळ. तुझे 12 स्वार आणि शेजारी उभे करायला दोन लॉट शिपाई झाले की खेळ उभा राहतो. मित्राला सांग, त्यानंही त्याच्या ढिगातून तेवढेच काढावेत. कित्तूरची लढाई करावीशी वाटेल, बेळगावच्या माणसाला वाटणारच. पण ती 1824 ची. दोन दशकांत फौजेचा पोशाख बदललेला, म्हणजे नवे डबे, नवी खरेदी. ते आत्ता नको.

तारीख धर दिवाळीच्या सुट्टीची. कारखाने बंद, मित्र मोकळा, गडहिंग्लज काही लांब नाही. तारीख मनात धरायची नाही, त्याला फोन करून सांगायची. स्वतःला दिलेली तारीख मोडायला काही लागत नाही. दुसरा माणूस एस.टी.त बसून येणार म्हटल्यावर मोडता येत नाही. आणि नियम असा ठरवा की त्या दिवशी फक्त रंगवलेलेच टेबलावर येतील. कमी झाले तर कमी घेऊन हरायचं. याबद्दल आमच्यातही वाद आहेत, काही जण म्हणतात खेळ महत्त्वाचा, करडे प्लॅस्टिक घेऊन खेळलं तर काय बिघडलं. नवी नियमावली समजून घ्यायची असेल तर एखादा खेळ तसा खेळावा. पण कायम करड्यावरच खेळायला लागलं की रंगवायची गरजच उरत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

रविवारी कुणाबरोबर बसून रंगवता आलं तर फारच उत्तम. समोरच्यानं हेच रंगवायला हवं असं नाही. आमच्याकडं दर रविवारी एक जण विमानांची मॉडेलं घेऊन येतो, एक पोरगी शाडूचे दागिने रंगवते. बोलता बोलता सहा शिपायांचे पट्टे कधी झाले कळत नाही. एकट्यानं बसणार असशील तर कानाला काहीतरी लाव, रेडिओ, भजन, क्रिकेट, काहीही. फक्त बघावं लागेल असं काही लावू नको.

खंडेनवमीला आमच्या घरी ब्रशांची पूजा होते आणि त्या दिवशी रंगकाम बंद. मी हे सांगतोय ते एवढ्यासाठी की सुट्टीसुद्धा ठरवून घ्यावी. आठवडाभर हात लावायचा नाही असं ठरवलंस तर तो आराम. रोज बसायचं ठरवून आठवडाभर बसला नाहीस तर ते ओझं. आणि महिना-दोन महिने खरंच नको वाटलं तर नको. हे तुझं पोट भरायचं काम नाही. शिपाई प्लॅस्टिकचे आहेत, नासत नाहीत. बाटल्यांची झाकणं तेवढी घट्ट लाव.

फौजच जास्त वाटत असेल तर ती कमी कर, त्यात कमीपणा नाही. एका तुकडीत 24 ऐवजी 18 शिपाई धरलेस तर बहुतेक नियमावल्या चालवून घेतात, आणि 72 मधून तीनऐवजी चार पलटणी उभ्या राहतात. जे उरतील असं वाटतं ते मित्राला दे.

शेवटचा प्रश्न, बाहेर रंगवायला देऊ का. पायदळ देऊ नको. सहा-सहाच्या रीतीनं ते तुझ्या हातून होतं, आणि फळी भरताना बघण्याची मजा दुसऱ्याला पैसे देऊन का द्यायची? घोडे द्यायचे तर दे. घोडा रंगवायचा कंटाळा मलाही आहे. एका घोड्याला दोन शिपायांएवढं काम लागतं आणि तो दिसतो तपकिरीच. देताना आधी तुझा रंगवलेला एक शिपाई नमुना म्हणून पाठव, म्हणजे लाल त्याच सुरात येईल. दर ठरवतानाच बोलून घे की व्हार्निश चकचकीत की मंद, आणि बेस कोण करणार. बेस तूच कर. नाहीतर पलटण उभी बैलहोंगलच्या काळ्या मातीत आणि घोडे दौडतायत खानापूरच्या लाल मातीत, असं होईल.